म्हाताऱ्या मांजरीचं शेवटचं वर्ष: घरी काय करायचं आणि कधी थांबायचं

त्या वर्षी मार्चमध्ये चिंगीचं खाणं कमी झालं, तेव्हा मी म्हटलं, उन्हाळा लागला. एप्रिलमध्ये पाठीवरून हात फिरवताना मणके हाताला लागायला लागले, तेव्हाही म्हटलं, नागपूरचा उन्हाळा आहे, आपलंही जेवण कमी होतंच की. मे उजाडला तोवर ती ४ किलो २०० ग्रॅमवरून ३ किलो १०० वर आली होती आणि हे मला कळलं ते डॉक्टरांच्या काट्यावर. साठ किलोच्या बाईचं वजन पंचेचाळीसच्या खाली जावं आणि घरच्यांना पत्ता नसावा, असा तो प्रकार. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्यानंतर बरोबर एक वर्ष जगली, आणि त्यातले बरेच महिने चांगले गेले. त्या वर्षात जे शिकले, ते इथे लिहिते आहे. डॉक्टरांची जागा हा लेख घेणार नाही. डॉक्टरांकडे जाऊन नेमकं काय सांगायचं आणि घरी परतल्यावर काय करायचं, एवढंच यात आहे.

आधी कॅलेंडर

मांजर दुखणं लपवते. ती शिकारी आहे तशीच कुणाची तरी शिकारही आहे, त्यामुळे अशक्तपणा दाखवायचा नाही हे तिच्या रक्तातच असतं. त्यात आपण तिला रोज बघतो, आणि रोज बघणाऱ्याला हळूहळू झालेला बदल दिसत नाही. म्हणून दहा वर्षं उलटली की डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, लिहून ठेवा. वेगळी वही केली तर ती आठ दिवसांत हरवते. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब आणि सिलेंडरची तारीख असते. त्याच चौकटीत चिंगीचं वजन जायला लागलं.

वजन दर रविवारी करायचं. माणसांच्या काट्यावर आधी एकटं आणि मग मांजर घेऊन उभं राहायची पद्धत ठीक आहे, पण त्यात शंभर-दोनशे ग्रॅम सहज इकडेतिकडे होतात, आणि आपल्याला नेमके तेच हवे असतात. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा घ्या, भाजीच्या जाड कापडी पिशवीत मांजर बसवा आणि उचला. पहिल्या दिवशी ओरडते, तिसऱ्या रविवारी स्वतःहून पिशवीत बसते. चार किलोच्या मांजरीचं महिन्याभरात २०० ग्रॅम वजन उतरलं तर डॉक्टरांना फोन करा. ४०० उतरलं तर फोनवर भागवू नका, घेऊन जा.

पाणीही मोजा. सकाळी मोजून भरायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. मे महिन्यात इथे वाटीतलं निम्मं पाणी हवाच पिते, म्हणून तशीच दुसरी वाटी मांजर पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. तिच्यातून जेवढं कमी झालं तेवढं हिशेबातून वजा करा. चार किलोची मांजर दिवसाला २०० मिलिलिटरच्या वर पीत असेल तर ती उन्हाळ्याची तहान धरू नका. मूत्रपिंडाचा जुना आजार, मधुमेह, थायरॉईड, तिन्हींची सुरुवात अशी होते.

डॉक्टरकडे काय मागायचं

पंधरा वर्षांची मांजर म्हणजे पंचाहत्तरी गाठलेली आजी. तिची तपासणी वर्षातून एकदा पुरत नाही, दर सहा महिन्यांनी करा. रक्ताची साधी तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकतं तो रक्तातला कचरा) आणि फॉस्फरससह मूत्रपिंडाची तपासणी, टी-फोर म्हणजे थायरॉईड, साखर, लघवीची घनता आणि रक्तदाब, एवढं तोंडाने मागा. रक्तदाब पुष्कळ ठिकाणी राहून जातो, आणि तो वाढून म्हाताऱ्या मांजरीची दृष्टी एका रात्रीत जाऊ शकते.

क्रिएटिनिनचा आकडा कसा वाचायचा ते कळलेलं बरं. मूत्रपिंडाच्या आजाराच्या चार पायऱ्या मानतात. १.६ ते २.८ ही दुसरी, २.९ ते ५ ही तिसरी आणि ५ च्या वर चौथी. हा आकडा वर सरकेपर्यंत मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम आधीच गेलेलं असतं. चिंगी पहिल्याच तपासणीत तिसऱ्या पायरीवर होती. म्हणजे मी ज्याला उन्हाळा म्हणत होते, ते निदान वर्षभर आधी सुरू झालेलं असणार.

उलट खाणं वाढलं, मांजर घरभर पळते, ओरडते आणि तरी वाळते आहे, असं दिसलं तर "म्हातारपणी तरणी झाली" म्हणून हसू नका. थायरॉईड वाढल्याचं ते लक्षण असतं आणि त्यावर रोजची गोळी आहे.

नागपुरात खासगी दवाखाने आता बरेच आहेत. गुंतागुंतीच्या केसला सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखानाही आहे. तिथे गर्दी आणि कुत्र्यांचं भुंकणं धरून चाला, टोपलीवर जाड कापड टाका. एप्रिल-मेमध्ये जायचं तर सकाळी नऊच्या आत जाऊन या. दुपारी ऑटोतून नेलेली आजारी मांजर दवाखान्यात पोचेपर्यंत अर्धी झालेली असते.

घर तिच्या मापाचं करा

बारा वर्षांपुढच्या बहुतेक मांजरींच्या सांध्यांत एक्स-रेवर झीज दिसते. ती लंगडत नाही, उडी मारणं सोडते, एवढंच. ओट्यावर चढणं बंद झालं की आई म्हणाली, "शहाणी झाली." शहाणी कसली, गुडघे गेले होते. पलंगाशी एक पाट आणि त्यावर जुनी उशी ठेवली, तर त्याच रात्री ती पायाशी येऊन झोपली.

शी-शूचा ट्रे उथळ हवा. बाजारातल्या ट्रेचा काठ उंच असतो, तो एका बाजूने कापा किंवा सरळ बांधकामाचं पसरट घमेलं घ्या. आमच्याकडे जन्मभर कन्हानची रेती चालली. शेवटच्या वर्षात ओली रेती पंजांना चिकटून जखमा व्हायला लागल्या, तेव्हा वर्तमानपत्राचे कपटे वापरले. ट्रे दोन ठेवा, एक ती झोपते त्याच खोलीत. बाहेर शू झाली तर रागावू नका आणि फिनाईलने पुसूही नका. त्यातलं फेनॉल मांजरीला विषारी असतं, आणि ती पुसलेल्या फरशीवरून चालून तेच पाय चाटते. साबणाचं पाणी पुरतं.

म्हाताऱ्या मांजरीची नखं झिजत नाहीत, वळून गादीत घुसतात. पंधरा दिवसांनी बघा. अंग चाटणं कमी होतं, म्हणून कोमट ओल्या कापडाने पुसा, शेपटीखाली विशेष. रात्री मोठमोठ्याने ओरडायला लागली तर आधी रक्तदाब आणि थायरॉईड तपासून घ्या. तिथे काही निघालं नाही तर तिला अंधारात दिशा कळत नसेल. बोळात झिरोचा बल्ब लावल्यावर आमच्याकडचं ओरडणं निम्मं झालं.

उन्हाळ्यात कुलरच्या थेट झोतात तिची जागा नको, त्याच खोलीचा कोपरा बरा. पाण्याच्या वाट्या तीन-चार ठिकाणी ठेवा, त्यातली एक मातीची. मारबतीच्या दिवशी आणि दिवाळीत आतल्या खोलीची खिडकी लावून घ्या आणि तिथेच ट्रे, पाणी, खाणं ठेवा. आम्ही राहतो त्या नागपूरच्या महाल भागात मारबतीच्या मिरवणुकीचा गलका थेट घरात येतो. तरुणपणी चिंगी गच्चीवरून ती बघायची. सोळाव्या वर्षी कपाटाखाली दिवसभर बसून राहिली आणि शूही तिथेच केली.

खाण्यात किडनीच्या आजारासाठीचं विकतचं खाणं चांगलं, कारण त्यात फॉस्फरस कमी असतो. पण न खाल्लेलं उत्तम खाणं काही कामाचं नाही. वाटी गरम पाण्यात ठेवून खाणं कोमट करा, वास सुटतो आणि मांजर वासावर जेवते. उकडलेलं चिकन किंवा मासळी चालेल, मीठ, कांदा, लसूण न घालता. कांदा-लसणाने मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तेव्हा सावजीच्या रश्शातला तुकडा धुऊन दिला तरी नको, पाहुण्यांनाही सांगून ठेवा. दोन दिवस काहीच पोटात गेलं नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साचते, अंगाने भरलेल्या मांजरीला हे फार लवकर होतं, आणि मूळ आजार बाजूला राहून त्यानेच ती जाते.

कातडीखालचं सलाईन

मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टर बहुधा घरीच सलाईन द्यायला शिकवतात. ऐकूनच हातपाय गळतात. मला पहिल्यांदा जमलं नाही, सुई एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, सगळं पाणी माझ्या साडीवर. चौथ्या वेळेला सात मिनिटांत झालं. मात्रा डॉक्टरांनी सांगितलेलीच द्यायची. हृदयाचा आजार असलेल्या मांजरीला हेच पाणी छातीत भरू शकतं, म्हणून शेजारणीच्या मांजरीचं बघून सुरू करू नका.

आमची पद्धत अशी होती. आरएलची (रिंगर लॅक्टेट या सलाईनची) बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायची आणि दोन थेंब मनगटावर टाकून बघायचे. बाटलीवर मार्करने रेघ मारायची, किती उतरलं की थांबायचं त्याची. आम्हाला १०० मिलिलिटर सांगितलं होतं. बाटली खिडकीच्या गजाला डोक्याच्या वर टांगायची. सुई दर वेळी नवी. मांजर मांडीवर, तोंड आपल्यापासून पलीकडे, समोर तिच्या आवडीचं काहीतरी चाटायला. दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, तंबूच्या दारातून सुई अंगाला समांतर आत, मग चाकी सोडायची. पाठीवर उंटासारखा फुगा येतो, घाबरू नका. तो ओघळून पुढच्या पायात उतरतो आणि काही तासांत जिरतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून दवाखान्यात परत द्या, कचरेवाल्याच्या हाताला लागू देऊ नका.

घरातलं औषध नको

हे मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा: पॅरासिटामॉल मांजरीला देऊ नका. तिच्या यकृताला ते पचवता येत नाही, एक गोळी जीव घ्यायला पुरते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, आपल्या गुडघ्याला लावायची मलमं, तीही नकोत. कुत्र्यांसाठीच्या गोचीड-पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, तेही मांजरीला विष. "थोडंसंच लावा, काही होत नाही" असं मला एका दुकानदाराने गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं.

दुखतंय का, हे कसं ओळखायचं

गुरगुर ऐकून फसू नका, मांजर वेदनेतही गुरगुरते. चेहरा बघा. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये यासाठी एक मोजपट्टी मांडली. कान बाजूला पडलेत का, डोळे किलकिले आहेत का, नाकतोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिशा ताठ आणि पुढे आल्यात का, डोकं खांद्याच्या खाली गेलंय का, अशा पाच गोष्टी. प्रत्येकीला ० ते २ गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाबद्दल डॉक्टरांशी बोला. झोपेतले श्वासही मोजा. मिनिटाला तीसच्या वर सतत जात असतील तर फोन करा. तोंड उघडून धाप लागली, किंवा मागचे पाय एकदम लुळे पडून थंड झाले आणि मांजर किंचाळते आहे, तर फोनात वेळ घालवू नका. टोपली उचला आणि निघा.

कधी थांबायचं

डॉक्टरांच्या इंजेक्शनने तिला शांतपणे जाऊ द्यायचं का आणि कधी, हा भाग सगळ्यात कठीण, आणि इथे कॅलेंडर सगळ्यात जास्त कामी आलं.

अ‍ॅलिस विलालोबोस या अमेरिकेतल्या पशुवैद्यक, जनावरांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या. त्यांची सात प्रश्नांची यादी आहे: वेदना आणि श्वास, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला ० ते १० गुण, बेरीज ३५ च्या वर असेल तर पुढे चालू ठेवायला हरकत नाही. आठवड्यातून एकदा हे गुण द्या, पण घरातल्या दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांचं न बघता. माझी बेरीज ४१ आली तेव्हा आईची ३० होती. मी चिंगीने खाल्लेला एक घास मोजत होते, आई तिने सोडलेली वाटी मोजत होती.

त्यासोबत रोज रात्री कॅलेंडरच्या चौकटीत एकच खूण करायची, बरा दिवस की वाईट. वाईटाला फुली. तिच्या तीन आवडत्या गोष्टी आधीच लिहून ठेवा. चिंगीच्या होत्या: सकाळी दाराशी दूधवाल्याची वाट बघणं, गच्चीच्या जिन्यावरचं कोवळं ऊन, आईच्या पोथीवर बसणं. तिन्ही सुटल्या तो दिवस आपोआप वाईट. मे महिन्याच्या पानावर सलग नऊ फुल्या दिसल्या, तेव्हा वाद घालायला काही उरलं नव्हतं. नुसत्या मनाला विचारलं असतं तर मन अजून पंधरा दिवस "उद्या बघू" म्हणत राहिलं असतं, आणि ते पंधरा दिवस तिने भोगले असते.

मग शेजारच्या काकू आल्या. "काहून वं, मांजर मारून राहिली का तू? काशीला सोन्याची मांजर द्यावी लागते ना बाप्पा!" लहानपणापासून ऐकलेलं वाक्य, पण त्या दिवशी ते छातीत रुतलं. मी गप्प बसले. आई आतून म्हणाली, "सोन्याचा भाव पाहिला का वहिनी? आणि मारून कोण राहिलं? मरत तर ती महिनाभरापासून आहे, आपण बसून पाहून राहिलो." काकू चहा घेऊन गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी खड्डा खणायला स्वतःच्या नातवाला पाठवलं.

तो दिवस

चौकशी चार आठवडे आधी करा, फुल्या सुरू व्हायच्या आत. डॉक्टर घरी येतील का, रात्री-बेरात्री फोन उचलतील का, आधी भूल देतील का, खर्च किती, शरीर आपल्याकडे देतील का. भुलीचं इंजेक्शन आधी द्यायचंच, असा आग्रह धरा. त्याने ती पाच-दहा मिनिटांत गाढ झोपते, मग शिरेतून दुसरं औषध जातं आणि एक-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा खोल श्वास किंवा अंगाला झटका येऊ शकतो, शू सुटते. हे आधी माहीत नसलं तर माणसाला वाटतं की ती अजून आहे. खाली जुना टॉवेल अंथरा. पैसे आधीच चुकते करा, नंतर पाकीट शोधत उभं राहणं नको.

घरी आपसूक जात असेल तर पंजे गार पडतात, श्वास तुटक होतो, ती अंधाऱ्या कोपऱ्यात जाते. कोपऱ्यातून ओढून काढू नका, तिथेच अंथरूण द्या. गंगाजल तोंडात ओतू नका, गिळता येत नसलेल्या जिवाच्या ते श्वासनलिकेत जातं. बोट ओलं करून ओठांना लावा.

नंतरचे तास

शरीर दोन-तीन तासांत ताठ व्हायला लागतं. त्याआधी पाय पोटाशी घेऊन, झोपते तशी गोल करून, सुती कापडात गुंडाळा. नागपूरच्या मे महिन्यात संध्याकाळपर्यंतही थांबणं कठीण असतं. बर्फाच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून खाली आणि बाजूंनी ठेवा आणि शक्य तितक्या लवकर पुरा.

खड्डा तीन फूट तरी हवा. इंजेक्शनने गेलेल्या मांजरीच्या शरीरात ते औषध राहतं, आणि कुत्र्याने किंवा घारीने उकरून खाल्लं तर तेही मरतात. म्हणून नाल्याकाठी किंवा गोरेवाड्याच्या बाजूला नेऊन ठेवणं नको. आपली काळी माती उन्हाळ्यात दगड होते. आदल्या संध्याकाळी जागेवर दोन बादल्या पाणी मुरवलं तर सब्बल चालते. पावसाळ्यात उलटं, खड्ड्यात पाणीच साचतं, तेव्हा उंचवट्याची जागा बघा. विहीर आणि बोअरपासून लांब. प्लास्टिक घालू नका. मीठ घालायची आमच्याकडे रीत आहे, आईने घातलं. वर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कुणाचं शेत किंवा अंगण आधीच विचारून ठेवावं, किंवा दवाखान्यात आणि महानगरपालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात चौकशी करावी.

लहान मुलांना "चिंगी झोपली" असं सांगू नका. माझा पाच वर्षांचा भाचा आधीच आजोबांच्या झोपण्याला घाबरायला लागला होता. "चिंगी मेली, आता परत येणार नाही" असं सांगितल्यावर तो रडला, फरशीवर एक बिस्किट ठेवलं आणि खेळायला गेला. घरात दुसरी मांजर असेल तर तिला शरीर हुंगू द्या. तरीही काही दिवस ती शोधत, ओरडत फिरेल. तिचं खाणं मात्र मोजा. नवीन पिल्लू लगेच आणायचं की नाही यावर लोक बरंच बोलतात. आम्ही आणलं नाही, दुसऱ्या कुणी आणलं तर मला त्यात वावगं वाटणार नाही. ऑफिसात "मांजरच होती ना" असं कुणीतरी म्हणेल. मी अंगात ताप आहे सांगून दोन दिवस रजा घेतली, खरं कारण लिहायची हिंमत झाली नाही.

न उघडलेल्या सलाईनच्या बाटल्या, सीलबंद सुया आणि किडनीच्या खाण्याची पाकिटं दवाखान्यात देऊन टाका, त्यांच्याकडे गरजू मांजर असतेच. उघडलेली औषधं देऊ नका. आणि एक यादी आधीच करून ठेवा, कुणाकुणाला कळवायचं त्याची: दूधवाला, मासळीवाली, मेडिकलवाला. ते फोन घरातल्या दुसऱ्या कुणाला करायला सांगा. आम्ही केले नव्हते. १० जूनला मेडिकलवाल्याचा फोन आला, "ताई, तुमचा आरएलचा बॉक्स येऊन पडला आहे, पोराजवळ पाठवू का?" मी "पाठवा" म्हणाले.